फोटो फुटायचाच असेल, तर ठिपक्यांत फुटू द्या

कुणाची पंचाहत्तरी असो, मंडळाचा गणपती असो, फ्लेक्सच्या दुकानात एक संवाद ठरलेला असतो. "दादा, हा फोटो घ्या आणि दहा बाय आठचा करा." दादा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "पिक्सेल फुटतायत. ओरिजिनल नाही का?" ओरिजिनल म्हणजे अल्बममधला चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो. त्याचा मोबाईलने काढलेला फोटो चार ग्रुपांतून फिरून दुकानात पोचलेला असतो. मग दादा दुसरा उपाय सांगतात, "व्हेक्टर करून आणा." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि दुकानाबाहेर येऊन भाच्याला फोन लावतं, "अरे, हे व्हेक्टर म्हणजे काय रे?"

आमच्या घरी तो भाचा मी. मामाला जिन्याच्या भिंतीवर आजोबांचा तीन फूट बाय तीन फुटांचा फोटो लावायचा होता आणि हाताशी होती फक्त अशी चार ग्रुप फिरलेली फाईल. शेवटी आम्ही त्या फोटोचे ठिपके केले. हल्ली टी-शर्टवर, कॅफेच्या भिंतींवर, लोखंडी जाळीदार दारांवर दिसतात तसे. लहानमोठे हजारो गोल, जवळून नुसती जाळी आणि लांबून चेहरा. हे कसं होतं आणि खराब फोटोतूनही का होतं, ते इथे सांगतो.

पिक्सेल फुटतात म्हणजे काय

मोबाईलमधला फोटो म्हणजे रंगीत चौकटींचा तक्ता. एका चौकटीला पिक्सेल म्हणायचं आणि प्रत्येक पिक्सेलला एकच रंग. फोटो ९०० पिक्सेल रुंद असेल तर आडव्या ओळीत ९०० चौकटी, त्याहून एकही जास्त नाही. तो तीन फुटांवर, म्हणजे साधारण ९१० मिलिमीटरवर ताणला की प्रत्येक चौकट एक मिलिमीटरची होते. दहा फुटांवर ताणला तर तीन मिलिमीटरची, आणि आता ती डोळ्याला खुपायला लागते. पिक्सेल फुटत वगैरे काही नाही, तो नुसता दिसायला लागतो. पण "फुटतायत" हा शब्द इतका चपखल आहे की मी तोच वापरणार.

व्हॉट्सअ‍ॅप आणखी एक करतं. फाईल हलकी करण्यासाठी फोटो दाबतं. जेपेग या पद्धतीत हे दाबणं ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांत चालतं. म्हणून जास्त दाबलेल्या फोटोत गालावर, आभाळात फरशा बसवल्यासारख्या कडा दिसतात.

व्हेक्टर म्हणजे रांगोळीच्या पुस्तकातली ओळ

ठिपक्यांच्या रांगोळीची पुस्तकं आठवा. प्रत्येक रांगोळीखाली लिहिलेलं असतं, "१५ ठिपके, १५ ओळी" किंवा "१५ ते ८". त्या एका ओळीवरून आई तीच रांगोळी उंबऱ्यापुढे वीतभर काढते आणि दिवाळीला अंगणभर. अंगणात मोठी काढली म्हणून ती धूसर होत नाही, कारण आईकडे रांगोळीचं चित्र नसतं, रीत असते. ठिपके कुठे, रेघ कुठून कुठे, एवढंच.

पिक्सेलवाला फोटो म्हणजे काढून झालेल्या रांगोळीचं छायाचित्र. व्हेक्टर म्हणजे पुस्तकातली ती ओळ. व्हेक्टर फाईलमध्ये लिहिलेलं असतं: मध्यबिंदू इथे, त्रिज्या इतकी, रंग काळा. व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर इमारतीवर लावा, संगणक दर वेळी तो गोल नव्याने काढतो. एसव्हीजी या व्हेक्टर फाईलमध्ये असा एक गोल लिहायला तीस-पस्तीस अक्षरं पुरतात, त्यामुळे दहा हजार गोलांची फाईलही अर्ध्या एमबीच्या आसपासच राहते.

कोरल किंवा इलस्ट्रेटरमधला गोल खरं तर चार वक्ररेषा जोडून केलेला असतो आणि काटेकोरपणे पाहिलं तर तो गोल नसतोच. चूक असते ०.०३ टक्क्यांहूनही कमी. सदाशिव पेठेतल्या माणसालाही ती काढता येणार नाही.

मग सरळ ट्रेस का करायचं नाही?

भाच्याला फोन केल्यावर पहिला प्रयत्न हाच होतो. कोरल, इलस्ट्रेटर, इंकस्केप, सगळ्यांत ट्रेस नावाची सोय आहे. फोटो द्यायचा, सॉफ्टवेअर त्यातल्या एकसारख्या रंगांच्या भागांभोवती रेघा मारून व्हेक्टर आकार करतं. मंडळाच्या बोधचिन्हावर ते उत्तम चालतं. चेहऱ्यावर चालत नाही, कारण चेहऱ्याला रेघाच नसतात. गालाचा उजेड हनुवटीकडे जाता जाता हळूहळू मावळतो. ट्रेसला "हळूहळू" कळत नाही. ते गालावर चार नकाशे काढतं, आणि आजोबा वितळत्या मेणबत्तीसारखे दिसू लागतात.

दुसरा प्रश्न हल्ली लगेच येतो: एआय फोटो मोठा करून देतो की! देतो, आणि तो पाहायलाही छान असतो. पण जे फोटोत नाही ते तो कुठून आणणार? असे फोटो पाहून शिकलेला असल्याने तो अंदाजाने भरतो. झाडाची पानं अंदाजाने भरली तर कुणाचं काही बिघडत नाही. आजोबांचे डोळे अंदाजाने भरले की समोर एक देखणे, तुकतुकीत, अनोळखी गृहस्थ येतात. आमच्याकडे मामीने तो प्रयोग पाहिला आणि विचारलं, "हे कोण?"

ठिपके नवीन काही बनवत नाहीत. ते फक्त टाकून देतात, आणि नेमकं तेच आपल्या पथ्यावर पडतं.

ठिपका स्वतः कधी राखाडी नसतो

जुनं वर्तमानपत्र घ्या आणि त्यातला काळा-पांढरा फोटो भिंगाखाली धरा. राखाडी शाई कुठेच दिसणार नाही. दिसतील फक्त काळे ठिपके. चेहऱ्यावर बारीक, कोटावर जाड. छपाई यंत्राला एकच काळी शाई माहीत असते. शाई लागते किंवा लागत नाही, अधलंमधलं काही नाही. राखाडी तयार होतो तो आपल्या डोळ्यात, काळा ठिपका आणि भोवतीचा पांढरा कागद यांची सरमिसळ होऊन. छापखान्यात याला हाफटोन म्हणतात.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये टॅल्बटने १८५२ साली फोटोची जाळी करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'मध्ये ४ मार्च १८८० रोजी अशा पद्धतीने फोटो छापला गेला. आपल्याकडे कोलकात्यात उपेंद्रकिशोर राय यांनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी, हाफटोनच्या जाळ्यांचं गणित इतकं बारकाईने मांडलं की त्यांचे लेख ब्रिटनमधल्या छपाईच्या वार्षिकात छापून यायचे. आणि आपल्या आजीच्या देवघरातली रविवर्म्याची लक्ष्मी? रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं शिळाछापाची. त्या पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि दगडावर कारागीर हाताने ठिपके देत बसायचे. आज सॉफ्टवेअर दहा सेकंदांत करतं ते काम त्यांनी पाठ वाकवून केलेलं आहे.

पुरीचं पीठ आणि पोळीचं पीठ

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जिथे निम्म्या लोकांचं चित्र बिघडतं ते.

सॉफ्टवेअर काय करतं? फोटोवर चौकोनी जाळी टाकतं. प्रत्येक घरात जे पिक्सेल येतात त्यांच्या उजेडाची सरासरी काढतं. मग त्या सरासरीवरून घराच्या मधोमध गोल काढतं, घर जितकं गडद तितका गोल मोठा. पण "तितका" म्हणजे कितका?

चार इंचांची पुरी आणि तेवढ्याच जाडीची आठ इंचांची पोळी घ्या. रुंदी दुप्पट, पण पीठ दुप्पट नाही, चौपट लागतं. ठिपक्याचंही तसंच. डोळ्याला काळेपणा कळतो तो ठिपक्याने कागद किती झाकला यावरून, म्हणजे क्षेत्रफळावरून. सॉफ्टवेअर मात्र बऱ्याचदा रुंदी मोजतं.

घर १० मिलिमीटरचं आहे असं धरा. निम्मा काळेपणा हवा म्हणून ५ मिलिमीटरचा गोल काढला, तर तो घराचा फक्त २० टक्के भाग झाकतो. खरोखर निम्मं झाकायचं तर गोल जवळपास ८ मिलिमीटरचा हवा. पाव झाकायला साडेपाचहून किंचित मोठा. आणि गंमत म्हणजे घराच्या कडांना टेकणारा पूर्ण १० मिलिमीटरचा गोलही घर पूर्ण झाकत नाही, कोपरे उरतात. तो ७८.५ टक्क्यांवर थांबतो. ठार काळं हवं असेल तर गोल १४ मिलिमीटरपर्यंत वाढवून शेजारच्या गोलांवर चढू द्यावे लागतात.

रुंदीवर काढलेल्या चित्रात म्हणून मधल्या सगळ्या छटा फिक्या पडतात. केस आहेत, भुवया आहेत, गाल मात्र गायब. लोक फोटोला दोष देतात. फोटो ठीक असतो, चुकलेलं असतं पिठाचं माप.

सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय दाबायचं

कोरल ज्यांच्याकडे नव्या आवृत्तीचं आहे त्यांना सगळ्यात सोपं. त्यात पॉइंटिलायझर नावाचा इफेक्ट आहे. ठिपक्यांची दाटी आणि जाळीचा कोन ठरवला की व्हेक्टर ठिपके तयार. नाव आलंय ते जॉर्ज स्युरा या फ्रेंच चित्रकाराच्या शैलीवरून. १८८० च्या दशकात त्याने शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून मोठाली चित्रं रंगवली.

इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट ऑब्जेक्ट मोझॅक हा पर्याय फोटोच्या रंगीत चौकोनी फरशा करून देतो. मग कन्व्हर्ट टू शेपमधून त्यांचे गोल करता येतात. पण ते सगळे एका मापाचे. लहानमोठे हवे असतील तर स्क्रिप्ट, म्हणजे त्यात चालणारा छोटा तयार प्रोग्राम, शोधावी लागते.

मी वापरतो इंकस्केप, कारण ते फुकट आहे आणि त्यात प्रत्येक खुंटी आपल्या हातात राहते. फोटो आणायचा. त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर एक गोल काढायचा, सगळ्यात मोठा ठिपका जेवढा हवा तेवढा. गोल निवडून एडिट मेनूतल्या क्लोनमध्ये जायचं आणि क्रिएट टाइल्ड क्लोन्स उघडायचं. क्लोन म्हणजे मूळ गोलाशी बांधलेली जुळी प्रत. या खिडकीत सात टॅब आणि शंभर आकडे दिसतात. घाबरू नका, बहुतेकांना हात लावायचा नाही. शिफ्टमध्ये दोन ठिपक्यांतलं अंतर द्यायचं. आमचा गोल ८ मिलिमीटरचा आणि घर १० चं, म्हणून आडवं-उभं दोन्हीकडे २५ टक्के. ट्रेस टॅबमध्ये 'खालचं चित्र पाहा' अशा अर्थाची पहिली खूण करायची, एल निवडायचा, म्हणजे उजेड, आणि तो साइझला लावायचा. पांढऱ्यावर काळे ठिपके हवे असतील तर इन्व्हर्टवर खूण, नाहीतर उजळ भागात ठिपके मोठे होतील. तिथेच गॅमा नावाचा आकडा आहे. तो मधल्या छटा वरखाली सरकवतो. पिठाचं माप दुरुस्त करायची जागा ती. मी १ पासून सुरुवात करतो आणि गाल दिसेपर्यंत हलवतो.

मग ओळी आणि रकाने भरून क्रिएट. जुना लॅपटॉप इथे थोडा वेळ गप्प बसतो. हँग झाला समजून बंद करू नका, चहा टाका. पण आधी वीस बाय वीसवर करून पाहिलेलं बरं.

रंगीत हवं असेल तर साइझऐवजी कलर निवडायचा आणि मूळ गोलाचा रंग अनसेट करून, म्हणजे कुठलाच न ठरवता, ठेवायचा. ही शेवटची गोष्ट विसरलात तर सगळे ठिपके एकाच रंगाचे येतात आणि अर्धा तास डोकं खाजवण्यात जातो.

ठिपके किती, आणि खराब फोटो का चालतो

आमचं माप होतं तीन फूट आणि घर दहा मिलिमीटरचं. म्हणजे ९१ बाय ९१, एकूण ८,२८१ ठिपके. फोटो होता सुमारे ९०० पिक्सेलचा. याचा अर्थ एका ठिपक्याखाली जवळजवळ १०० पिक्सेल आले आणि त्या शंभरांचा मिळून एकच आकडा झाला. फोटोतली नव्व्याण्णव टक्के माहिती आपण हाताने फेकली. ज्या ८ बाय ८ च्या फरशांनी फ्लेक्सवर घोळ घातला असता, त्याही या सरासरीत विरघळल्या. आपल्याला ९१ बाय ९१ एवढीच माहिती हवी होती, आणि ती चार ग्रुप फिरलेल्या फाईलमध्येही सुखरूप असते.

एवढ्या कमी माहितीत चेहरा ओळखू येतो? बेल लॅबोरेटरीजमधल्या लिऑन हार्मन यांनी १९७३ साली अब्राहम लिंकनचा चेहरा काहीशे मोठ्या चौकटींत मांडून दाखवला होता. जवळून ती फरशी दिसते. डोळे बारीक करून पाहिलं की लिंकन दिसतो. डोळे किलकिले केले की माहिती खरं तर आणखी कमी होते, पण सगळ्यात आधी पुसल्या जातात त्या चौकटींच्या कडा. त्या कडाच तर आड येत होत्या.

साधारण निरोगी डोळ्याला एक मिलिमीटरचं अंतर सुमारे साडेतीन मीटरपर्यंत वेगळं दिसतं. या हिशेबाने दहा मिलिमीटरच्या जाळीतले ठिपके पूर्ण विरघळायला चौतीस मीटर लांब जावं लागेल. आमचा जिना चार मीटरचा. तरी चालतं, कारण ठिपके विरघळावेत अशी अपेक्षाच नाही. ठिपके दिसावेत आणि आजोबाही दिसावेत. माझा अनुभव असा की चेहऱ्याच्या रुंदीत पन्नासेक ठिपके बसले तर बिघडत नाही. त्यासाठी फोटो निर्दयपणे कापायचा. मागची बाग, खुर्ची, शेजारी उभे असलेले काका, सगळं बाहेर.

काका नाराज होतात. होऊ द्या.

जाळी शक्यतो ४५ अंशांत तिरकी ठेवावी. आडव्या-उभ्या रेषा डोळ्याला चटकन कळतात, तिरक्या कमी, म्हणून छापखान्यातही काळ्या शाईची जाळी ४५ अंशांतच असते. आम्ही सरळ ठेवली, कारण मामाला "रांगोळीसारखं" हवं होतं.

लेझरवाल्याकडे जाताना

छापायचं असेल तर एवढ्यावर थांबा. मात्र शाई कागदावर थोडी पसरते आणि ठिपके फुगतात, म्हणून गडद भाग किंचित हलका ठेवा. आम्हाला छापायचं नव्हतं. तीन मिलिमीटर जाडीच्या काळ्या अ‍ॅक्रिलिकला लेझरने भोकं पाडून मागची पांढरी भिंत दिसू द्यायची होती. इथे सगळं उलटं झालं. ठिपका म्हणजे आता उजेड, त्यामुळे इन्व्हर्टची खूण काढली.

अडचण वेगळीच निघाली. दोन भोकांमध्ये किमान दोन मिलिमीटर पट्टी राहिली पाहिजे, नाहीतर शीट मोडतं. घर दहाचं, म्हणून भोक जास्तीत जास्त आठचं. आठचं भोक घराचा निम्माच भाग उघडतं. म्हणजे आमच्या चित्रात सगळ्यात पांढरा रंग कोणता, तर निम्मा पांढरा. आणि आजोबांच्या डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी!

मामा म्हणाला, "टोपी राखाडी दिसणार तर." दिसली नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातला रसायनतज्ज्ञ शेव्हरल याच्याकडे एकोणिसाव्या शतकात तक्रार आली होती की तिथला काळा रंग फिका पडतो. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो फिका भासत होता. १८३९ साली त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. टोपीचंही तेच. भोवती काळं अ‍ॅक्रिलिक असलं की निम्मा पांढराही पांढरा दिसतो. फक्त फोटो आधीच थोडा कडक करून घ्यावा, म्हणजे उजळ भाग आणखी उजळ आणि गडद आणखी गडद.

फाईल देण्याआधी क्लोन अनलिंक करा, म्हणजे मूळ गोलापासून सुटे करा, नाहीतर लेझरच्या संगणकावर एकच गोल उघडण्याची शक्यता आहे. दीड मिलिमीटरहून लहान गोल उडवून टाका, कारण अ‍ॅक्रिलिकमधली बारीक भोकं वितळून बुजतात आणि पैसे बहुतेक ठिकाणी मशीन किती मिनिटं चाललं यावर लागतात. आमचे आठ हजारांतले जवळपास दोन हजार गोल असे गेले, सगळे कोटातले आणि मागच्या अंधारातले. आजोबांच्या चेहऱ्यावरचा एकही नाही.

आता पॅनेल जिन्यात आहे. पहिल्या पायरीवर उभं राहिलं तर नुसती भोकं दिसतात. चौथ्या-पाचव्या पायरीवरून मागे वळून पाहिलं की आजोबा दिसतात. मामीने परवा त्याचा मोबाईलने फोटो काढून ग्रुपवर टाकला. भोकांची जाळी आणि कॅमेऱ्यातल्या पिक्सेलांची जाळी एकमेकींवर पडून त्यात भलत्याच लाटा उमटल्या. तासाभरात नागपूरच्या मावशीचा निरोप आला, "फोटो फाटलाय गं, ओरिजिनल पाठव."